एकच पेला असताना "तो लाल पेला दे" म्हणणं चूक आहे का?

अनुस्वार: टेबलावर पेला एकच, बाकी रंगीबेरंगी पुस्तकं. तरी तोंडून येतं, "तो लाल पेला दे." भाषेचे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५च्या निबंधात सांगितलं की बोलताना गरजेपुरतीच माहिती द्यावी. त्या हिशेबाने 'लाल' फुकट गेला. मला हे अजिबात पटत नाही. ऐकणाऱ्याला ती वस्तू आधी शोधावी लागते, आणि रंग नजरेत चटकन भरतो. शिवाय मराठीत विशेषण नामाआधी येतं. 'पेला' ऐकू येईपर्यंत डोळे लाल रंगाकडे वळलेलेही असतात. बोलणारा हा शब्द ऐकणाऱ्यासाठीच घालतो.

काटेकोर: बोलणाऱ्याला तुम्ही फारच परोपकारी ठरवलंत. भाषेचे मानसशास्त्रज्ञ थॉमस पेचमन यांनी १९८९मध्ये दाखवलं की समोरच्या सगळ्या वस्तू न्याहाळून व्हायच्या आतच माणूस बोलायला लागतो. आधी जे दिसलं ते आधी तोंडात येतं, बस. ऐकणाऱ्याचा फायदा झालाच तर योगायोगाने. आणि घोटाळा होतो त्याचं काय? "मोठा पेला दे" म्हटलं की समोरचा छोटा पेला कुठे आहे ते बघू लागतो.

अनुस्वार: 'मोठा'बद्दल मान्य. मोठेपणा तुलनेशिवाय ठरत नाही, रंग ठरतो. म्हणून तर लोक गरज नसताना रंग सांगतात, आकारमान सहसा नाही. सगळ्या वस्तू एकाच रंगाच्या असल्या की तो जास्तीचा रंगही बराच कमी होतो. नुसती सवय असती तर तसाच राहिला असता ना?

काटेकोर: तेव्हा रंग बोलणाऱ्याच्याही डोळ्यांत भरत नाही, म्हणून! दोघांसमोर एकच दृश्य आहे तोवर तुमचा पुरावा माझ्याही बाजूने बोलतो.

आडवाट: मग दोघांमध्ये पडदा असलेला प्रयोग घ्या. हर्बर्ट क्लार्क आणि डीना विल्क्स-गिब्स, १९८६. टॅनग्रामच्या, म्हणजे भौमितिक तुकडे जुळवून केलेल्या, १२ आकृत्या एकाने वर्णन करायच्या, दुसऱ्याने त्या क्रमाने लावायच्या. पहिल्या फेरीत लांबलचक वर्णनं, सहाव्या फेरीपर्यंत दोन-चार शब्दांत काम. आता याच जागी आकृत्या माहीत नसलेला नवा जोडीदार बसवा, वर्णन पुन्हा लांबतं. बोलणाऱ्याला तर आकृत्या पाठ झालेल्या असतात. स्वतःच्या सोयीने बोलत असता तर लांबवलं कशाला असतं?

काटेकोर: हा मुद्दा मला खोडता येत नाही. पण तिथे समोरचा "कुठली?" असं उलट विचारू शकतो, आणि वेळही भरपूर असतो. घाईत ठेवलेला ध्वनिमुद्रित निरोप घ्या, तिथे विचारणारं कोणी नाही. असं बोलताना माणूस स्वतःच्याच डोळ्यांनी बघतो, यावर मी ठाम आहे.