सी भाषेतला पहिला प्रोग्राम कंपाइल आणि रन करताना: तुमचे अनुभव

सी शिकणारा बहुतेक वेळा भाषेपाशी अडत नाही, तो कंपायलरपाशी (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी) अडतो, असे माझे मत आहे. फाईल लिहिणे, ती कंपाइल करणे (यंत्राच्या भाषेत बदलणे), लिंक करणे (लागणारा इतर कोड जोडणे) आणि तयार झालेला प्रोग्राम चालवणे ही वेगवेगळी कामे आहेत हे आपल्याला कोणत्या प्रसंगी उमगले, ते कृपया येथे लिहावे. कंपायलरचा संदेश आठवत असल्यास तोही द्यावा, कारण नवशिक्यांना त्याचाच खरा उपयोग होतो.

डिप्लोमा, सांगली
आमच्या लॅबमध्ये निळ्या पडद्याचे टर्बो सी हे कंपायलर-सॉफ्टवेअर होते. कंट्रोल-एफ९ दाबले की कंपाइल आणि रन एकदमच होत असल्यामुळे ही दोन कामे वेगळी आहेत हे कळायला वावच नव्हता, आणि उत्तर पाहण्यासाठी ऑल्ट-एफ५ दाबावे लागे. फॅक्टोरियलच्या (१ पासून त्या संख्येपर्यंतच्या गुणाकाराच्या) प्रोग्रामने ७ साठी ५०४० हे बरोबर उत्तर दिले, पण ८ साठी ४०३२० ऐवजी -२५२१६ दाखवले, तेही एकही एरर न देता. तिथे ‘इंट’ (पूर्णांक साठवण्याचा प्रकार) १६ बिटांचा असतो आणि त्यात ३२७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही, हे सरांनी फळ्यावर ४०३२० मधून ६५५३६ वजा करून दाखवले तेव्हा स्पष्ट झाले.

बीएस्सी, पुणे
माझी सुरुवात लिनक्सवर जीसीसी या कंपायलरने झाली. वर्गमूळ काढण्यासाठी मॅथ डॉट एच ही हेडर फाईल घेतली होती आणि प्रोग्राममध्येच लिहिलेल्या २५ या संख्येचे वर्गमूळ व्यवस्थित मिळाले. तीच संख्या स्कॅनएफ या फंक्शनने वापरणाऱ्याकडून घेताच मात्र ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी’ असा संदेश आला. हेडरमध्ये फंक्शनची फक्त ओळख असते, त्याचा प्रत्यक्ष कोड गणिताच्या लायब्ररीत असतो आणि ती जोडण्यासाठी कमांडच्या शेवटी ‘-एलएम’ द्यावे लागते, असे सीनियर ताईने समजावले. पहिल्या वेळी हे लागले नाही, कारण ठरावीक संख्येचे वर्गमूळ कंपायलरने स्वतःच आधी काढून ठेवले होते. लिंकर नावाचे काही असते हे मला या एका संदेशामुळे जेवढे समजले, तेवढे कोणत्याही व्याख्येतून समजले नसते.

नोकरी सांभाळून शिकणारा, नाशिक
कंपाइल झाल्यावर पडद्यावर काहीच उमटले नाही, ही यशाची खूण आहे हे कोणीतरी आधी सांगायला हवे. ‘ए डॉट आउट’ ही चालवायच्या प्रोग्रामची फाईल तयार होती. लिनक्स चालू फोल्डरमध्ये आपणहून शोधत नसल्यामुळे नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ देऊन ती चालवावी लागली.

शिक्षिका, नांदेड
मी विद्यार्थ्यांना पहिल्या तासापासून ‘-वॉल’ हा वॉर्निंग दाखवणारा पर्याय लावूनच कंपाइल करायला सांगते. स्कॅनएफमध्ये ‘अँड’चे चिन्ह (&) राहिले तरी प्रोग्राम बहुधा कंपाइल होतो आणि चालवताना कोसळतो, वॉर्निंग वाचायची सवय असलेली मुले मात्र ते आधीच पकडतात. एररची लांबलचक यादी आली तर फक्त सर्वांत वरची दुरुस्त करून पुन्हा कंपाइल करावे, कारण सुटलेल्या एका महिरपी कंसामुळे खालच्या कितीतरी निर्दोष ओळी चुकीच्या ठरतात.