मदत हवी आहे : ब्लँकमध्येच वाढ होतेय, परवा रीडिंग दाखवायचीत

निळी_शाई : लॅक्टोबॅसिलस या जंतूची वाढ मोजून सॅम्पलमध्ये व्हिटॅमिन किती आहे ते काढायची चाचणी (अ‍ॅसे) करतेय, एमएस्सीचा प्रोजेक्ट आहे. व्हिटॅमिन न घातलेल्या नळ्याही (ब्लँक) गढूळ होतात, खरं तर तिथे जंतू वाढायला नकोत. नळीमागे वर्तमानपत्र धरलं तर मथळासुद्धा दिसत नाही. मीडिया (जंतू वाढवायचं द्रावण) दोनदा नवा केला, तरी तेच. प्लीज लवकर सांगा.

आंबोळी : कुठलं व्हिटॅमिन? कुठला लॅक्टोबॅसिलस? नायासिनला प्लँटारम लागतो, बी-१२ ला लायश्मानी. एवढं तरी लिहायचं ना.

निळी_शाई : बी-१२. लायश्मानी, एटीसीसी ७८३० (वाणाचा नंबर). सॅम्पल स्पिरुलिना पावडर.

चंद्रभागा : माझ्या सासूबाईंचं बी-१२ फार खाली गेलं होतं, पायाला मुंग्या यायच्या. इंजेक्शनांनीच फरक पडला. शाकाहारी असशील तर अंगावर काढू नकोस गं.

जुनी_नळी : काचसामान बघ. या जंतूला नॅनोग्रॅमचा अंशही पुरतो. नळ्या नीट धुऊन २५० अंशाला तासभर ओव्हनमध्ये ठेव. आम्ही तेवढ्यावरच सुटलो होतो.

आंबोळी : काका, काच नंतर. जंतू न घातलेली नळी स्वच्छ राहते का? आणि इनॉक्युलम, म्हणजे नळीत टाकायचे जंतू, कशात वाढवलंस?

निळी_शाई : ती स्वच्छ आहे. इनॉक्युलम रात्रभर एमआरएसमध्ये (लॅक्टोबॅसिलसचा नेहमीचा मीडिया) वाढवलं, त्यातलाच एकेक थेंब टाकला.

आंबोळी : मग तिथेच घोळ आहे! एमआरएसमध्ये यीस्ट आणि बीफ एक्स्ट्रॅक्ट असतं, म्हणजे थेंबाबरोबर बी-१२ पण गेलं. सेंट्रिफ्यूज कर, निर्जंतुक सलाइनने तीनदा धू, शंभरपट पातळ कर, मग थेंब टाक.

जुनी_नळी : जंतू कितीही धुतले तरी काच खराब असेल तर वाढ होणारच. माझं ऐक, दोन्ही कर.

कातळशिल्प : ब्लँक सुधारला तरी स्पिरुलिनाचा आकडा फुगलेलाच येईल. लायश्मानी स्यूडो-बी-१२ वरही, म्हणजे बी-१२ सारख्याच दुसऱ्या रेणूवरही वाढतो, माणसाच्या शरीराला ते चालत नाही. स्पिरुलिनात तेच जास्त असतं. शिवाय थायमिडीन (डीएनएचा एक घटक) असलं तर बी-१२ शिवायही त्याचं भागतं. गाइडना हे आधीच सांग.

आंबोळी : तिला आधी ब्लँक तरी मिळू दे हो.

निळी_शाई : काल इनॉक्युलम तीनदा धुऊन घेतलं, नळ्या त्याच ठेवल्या. आज सकाळी ब्लँकमागे मथळा स्पष्ट वाचता आला! बारीक अक्षरं अजून पुसटच आहेत. जुनी_नळी काका, नळ्या आत्ताच ओव्हनमध्ये ठेवल्या. गाइडकडून दोन दिवस वाढवून घेतलेत, स्यूडोचंही त्यांच्या कानावर घातलंय.