चीनची जकात पाच टक्क्यांवर कोणी बांधली?

ताम्रपट :
काल येथे एका सदस्याने लिहिले की, चीनच्या जकात खात्याचा ब्रिटिश प्रमुख रॉबर्ट हार्ट याने चीनला पहिले प्रामाणिक जकात खाते दिले आणि त्याबद्दल चीनने इंग्रजांचे ऋणी असायला हवे. हे वाचून गप्प राहवले नाही.

पहिल्या अफू युद्धानंतर ब्रिटनने चीनवर लादलेल्या १८४२ च्या नानकिंग तहातील पाच बंदरे, हाँगकाँग आणि २ कोटी १० लाख डॉलरची खंडणी सर्वांना पाठ असते. खरी मेख मात्र १८४३ च्या पुरवणी तहात आणि दरपत्रकात होती. बहुतेक मालावरचा कर सुमारे पाच टक्क्यांवर बांधला गेला आणि परक्या सरकारांच्या संमतीखेरीज तो वाढवण्याचा मार्ग उरला नाही. एका राष्ट्राला दिलेली सवलत इतरांना आपोआप मिळणार असल्याने एकाचा नकारही सर्वांच्या कामी येई. शिवाय कर किमतीवर नव्हे, वजनावर वा नगावर ठरलेला. म्हणून भाव चढले की पाचाचेही पाच उरत नसत. त्याच दशकात ब्रिटन स्वतःच्या बंदरात चिनी चहावर पौंडामागे दोन शिलिंगांहून अधिक कर घेत होते. हा कोणता खुला व्यापार?

गलबत :
आपण १८४२ पूर्वीचे चित्र सोयीस्करपणे वगळले आहे. १७५७ पासून परकीयांना कँटन हे एकच बंदर, व्यवहार केवळ कोहाँग या परवानाधारक संघाच्या व्यापाऱ्यांमार्फत, आणि वर होप्पोची, म्हणजे तिथल्या जकात अधिकाऱ्याची, मनमानी वसुली. हार्टच्या खात्याने हिशेब ठेवले, दीपगृहे उभारली. चीनच्या फूचौ येथील जहाजबांधणीच्या गोदीला पैसा जकातीतूनच मिळाला. माझा मालवाहतुकीचा व्यवसाय होता. आपल्याकडील जकात नाक्यावर कागदपत्रे पूर्ण असतानाही ‘वजन पुन्हा करू’ म्हणून ट्रक रात्रभर उभा ठेवत, आणि सकाळी पावतीशिवाय पैसे दिले की त्याच वजनाचा तोच ट्रक सुटत असे. ज्याने हे सोसले आहे, त्याला निश्चित दर आणि पावती यांची किंमत कळते.

ताम्रपट :
आपला अनुभव खोटा आहे असे मी म्हणत नाही, पण तो माझ्याच बाजूने बोलतो. तायपिंग बंडाशी लढण्यासाठी १८५३ मध्ये अंतर्गत नाक्यांवर ‘लिकिन’ कर सुरू झाला. १८५८ च्या तहाने परकी मालाला एकदाच अडीच टक्के भरून त्यातून सूट मिळाली. चिनी व्यापारी मात्र नाक्यानाक्यावर पैसे मोजत राहिला. अनेकांनी अखेर परकीयांच्या नावाचे परवाने वापरले. आपला ट्रक अडला असता आणि शेजारचा परदेशी ट्रक चिठ्ठी दाखवून पुढे गेला असता, तर आपण त्या व्यवस्थेचे गुण गायला असतात का?

सह्यकडा :
चीनचे बोलताना मुंबई कोणीच काढत नाही, याची मला चीड येते. माळव्याची अफू शिंदे-होळकरांच्या मुलुखात पिके आणि मुंबईहून निघे. ईस्ट इंडिया कंपनीने १८३१ मध्ये पेटीमागे १७५ रुपये परवाना शुल्क लावले; माल सिंधमधून दमणमार्गे निसटू लागला म्हणून १८३५ मध्ये ते १२५ वर आणले; १८४३ मध्ये सिंध घेऊन ती वाट बंद होताच शुल्क चढत गेले आणि १८६० नंतर ६०० झाले. चीनला मात्र १८५८ च्या दरपत्रकाने पेटीमागे ३० ताएल (चिनी चांदीचे माप), म्हणजे सुमारे शंभर रुपये, एवढाच आयात कर घेऊ दिला. एकाच पेटीवर हे दोन दर!

आणि आपले व्यापारी? जमशेटजी जीजीभॉय हे चीनला अफू नेणाऱ्या जार्डिन-मॅथिसन या ब्रिटिश पेढीचे मुंबईतील निकटचे व्यापारी सहकारी होते. त्यांच्या दानशूरपणाचे गोडवे गाताना तो पैसा कुठून आला, हेही शाळेत शिकवा.

निर्मोही :
जरा जपून लिहा. माझ्या वडिलांचे प्राण जे. जे. रुग्णालयात वाचले. त्या काळी कायदेशीर असलेला धंदा केला म्हणून त्या माणसाला आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मला मान्य नाही.

सह्यकडा :
कायदेशीर कुठे? चीनमध्ये त्या अफूवर बादशहाची बंदी होती. आपल्या वडिलांचे प्राण वाचले याचा मला मनापासून आनंद आहे, पण त्याने कँटनच्या किनाऱ्यावर चोरून उतरवलेली पेटी कायदेशीर ठरत नाही.

निर्मोही :
चीनमध्ये बंदी होती, हे मान्य. तरीही पेटीमागे सर्वाधिक कमावणाऱ्या सरकारला सोडून एका पारशी व्यापाऱ्यावर एवढा रोख का, हे आपण सांगितलेले नाही.

गलबत :
शंभर आणि सहाशेचा हिशेब मला मान्य करावा लागतो, जरी चर्चा अफूवर घसरली हे मला आवडलेले नाही. मात्र हार्ट चीनच्या चिंग राजघराण्याच्या दरबाराचा नोकर होता आणि खाते स्वच्छ होते, हे मी मागे घेणार नाही.

ताम्रपट :
घेऊ नका, तेवढे मलाही मान्य आहे. पण पुढचे पाहा. १९२८ मध्ये अमेरिकेने चीनचा जकात ठरवण्याचा अधिकार मान्य केला, १ फेब्रुवारी १९२९ पासून नवे दर लागू झाले, जपान १९३० मध्ये तयार झाले. खाते तेच होते, प्रमुखपदी फ्रेडरिक मेझ हा ब्रिटिशच होता, हिशेबाची पद्धतही तीच. बदलला तो केवळ दर ठरवणारा, आणि जकातीचे उत्पन्न काही वर्षांतच दुपटीहून अधिक झाले.