फॅमिली ग्रुप : छोटूच्या गाडीचा इन्शुरन्स

*छोटू (रीडिंग, इंग्लंड):* पोलो बघून आलो. २०१५ची, पेट्रोल, एकाच मालकाची. ४,२०० पौंड सांगतोय. गाडी छान आहे, पण इन्शुरन्सचा आकडा बघून डोकं गरगरलं. वर्षाचे २,१५० पौंड!

*अण्णा (नाशिक, ताईचे काका):* म्हणजे अडीच लाख रुपयांच्या घरात? अरे, नवी गाडी घेतली तरी आपल्याकडे एवढा हप्ता बसत नाही. १००० ते १५०० सीसीच्या गाडीला थर्ड पार्टीचे (फक्त समोरच्याचं नुकसान भरणाऱ्या विम्याचे) ३,४१६ रुपये, तेही सरकारने ठरवलेले. तुझा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्क्यांवर होता, तो दाखवलास का?

*छोटू:* अण्णा, दाखवणार कुठे? फॉर्मवर विचारतात, यूकेत किती वर्षं नो क्लेम? तिथे शून्यच लिहावं लागतं.

*मावशी (ताईची आई):* मग ताईच्या नावावर घ्या ना. तिचं रेकॉर्ड चांगलं आहे, तिला स्वस्तात मिळेल. चालवायची छोटूने.

*ताई (लेस्टर):* आई, नको. हे करायचंच नाही. रात्री सविस्तर लिहिते, आत्ता ऑफिसात आहे.

*सूनबाई (छोटूची बायको):* ताई, मलाही वाचायचंय. मलापण चालवायची आहे गाडी.

*ताई:* लिहिते आता. लांबेल, पण सगळ्यांनी वाचा.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, बाकीचं त्यावरच उभं आहे. आपल्याकडे पॉलिसी गाडीची असते. नाशिकला काकांची गाडी छोटूने चालवली, मी चालवली, शेजारच्यांनी चालवली, तरी लायसन्स असलं की झालं. इथे पॉलिसीवर ज्याचं नाव, त्यानेच चालवायची. सूनबाई, तुझं नाव घातलं नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नेऊ नकोस. इन्शुरन्स नसताना पकडलं तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ दंडाचे पॉइंट. गाडी जप्त होते ते वेगळंच. पोलीस अडवून कागद मागतीलच असं नाही. कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि विमा आहे की नाही ते लगेच कळतं.

आता माझ्या नावावर घेण्याबद्दल. गाडी राहणार रीडिंगला, रोज चालवणार छोटू, आणि कागदावर मुख्य ड्रायव्हर मी. याला इथे ‘फ्रंटिंग’ म्हणतात आणि ही सरळसरळ फसवणूक धरतात. अपघात झाला की कंपनी चौकशी करते, गाडी रात्री कुठे उभी असते, कामाला कोण नेतं. खोटं निघालं की पॉलिसी रद्द, स्वतःच्या गाडीचा क्लेम नाही, आणि समोरच्याला दिलेले पैसेही कंपनी आपल्याकडून वसूल करू शकते. त्यानंतर आयुष्यभर प्रत्येक फॉर्मवर ‘पूर्वी पॉलिसी रद्द झाली आहे का’ या प्रश्नाला ‘हो’ लिहायचं. हजार पौंड वाचवायला हे ओढवून घ्यायचं नाही. छोटू, तू माझा भाऊ आहेस म्हणूनच नाही म्हणतेय.

*मावशी:* बरं बाई, मला काय माहीत. आपल्याकडे सगळे करतात म्हणून म्हटलं.

*अण्णा:* बरोबर आहे तिचं. पण एवढं महाग का, ते सांग.

*ताई:* काका, एक तर कंपनीच्या लेखी छोटूला गाडी चालवण्याचा काही इतिहासच नाही. नाशिकच्या रस्त्यांवर तो दहा वर्षं बिनअपघात चालवतोय हे त्यांना पडताळता येत नाही, म्हणून बहुतेक कंपन्या ते धरतच नाहीत. मोजक्या काही परदेशातली वर्षं मोजतात, पण ऑनलाइन फॉर्ममध्ये ते सहसा येत नाही. फोन करून विचारावं लागतं. छोटू, भारतातल्या कंपनीकडून इंग्रजीतलं नो क्लेमचं पत्र आणून ठेव, त्यावर किती वर्षं आणि शेवटची तारीख स्पष्ट हवी.

दुसरं, इथे माणसाला इजा झाली तर भरपाईला वरची मर्यादाच नाही. एखाद्याला कायमचं अपंगत्व आलं तर त्याचा जन्मभराचा सांभाळ विम्यातून होतो. समोरच्याच्या मालमत्तेचं नुकसानही किमान १२ लाख पौंडांपर्यंत भरून द्यावं लागतं. आपल्याकडे खासगी गाडीला ही मालमत्तेची मर्यादा साडेसात लाख रुपये आहे. शिवाय बंपर बदलायचा म्हटलं तरी मजुरी भरमसाट, आणि हप्त्यावर १२ टक्के कर. काका, रस्त्यावर जाणाऱ्या माणसाच्या बाजूने बघितलं तर मला ही व्यवस्था बरी वाटते. पैसे जातात खरे.

*छोटू:* ताई, मग मी थर्ड पार्टीच घेऊ का? गाडी जुनीच आहे.

*ताई:* दोन्हींचे कोट, म्हणजे हप्त्याचे आकडे काढ. इथे कित्येकदा कॉम्प्रिहेन्सिव्ह (आपल्या गाडीचंही नुकसान भरणारा विमा) त्याहून स्वस्त पडतं, कारण थर्ड पार्टीवाले जास्त अपघात करतात असं कंपन्यांचा हिशेब सांगतो. न बघता ठरवू नकोस.

आणि तू फॉर्म कसा भरलास ते पाठव बरं.

*छोटू:* वापर: सोशल. वर्षाचे मैल: १२,०००. पार्किंग: रस्त्यावर. एक्सेस: १०० पौंड. सुरुवात: उद्यापासून.

*ताई:* बघ, इथेच तीन-चार गोष्टी आहेत.

वापर ‘सोशल’ लिहिलास, पण तू ऑफिसला गाडीनेच जाणार ना? मग ‘कम्यूटिंग’ हवं. स्टेशनपर्यंत गाडीने जाऊन पुढे ट्रेन घेतलीस तरी तेच. चार पैसे वाढतील, पण ते लपवलंस तर क्लेमच्या वेळी अंगाशी येईल.

१२,००० मैल कशाला? ऑफिस किती लांब आहे ते बघ, शनिवार-रविवारचं धर आणि खरा अंदाज लिही. बहुतेक ६-७ हजारांवर जाणार नाही.

एक्सेस म्हणजे क्लेममध्ये पहिले इतके पैसे आपण भरायचे. तो स्वेच्छेने वाढवला की हप्ता कमी होतो. पण कंपनीचा सक्तीचा एक्सेस त्यात मिळवून बघ. जेवढे खिशातून सहज काढू शकशील तेवढाच ठेव.

आणि ‘उद्यापासून’ कधीच नको. घाईघाईत घेणाऱ्याला महाग कोट मिळतो. तीन-चार आठवडे आधी काढलेला कोट खूपदा बराच खाली असतो. गाडीवाल्याला थोडी मुदत माग. सूनबाईचं नावही घालून बघ, कधी हप्ता कमी होतो, कधी वाढतो. ती खरंच चालवणार आहे म्हणजे नाव घालायचंच.

महिन्याच्या हप्त्याने घेऊ नकोस, व्याज लावतात. काका थोडे दिवसांसाठी मदत करतील तर एकरकमी भर.

*अण्णा:* करतो. सांग फक्त.

*सूनबाई:* ताई, इंडियन लायसन्स किती दिवस चालेल?

*ताई:* इथे राहायला आलात त्या दिवसापासून १२ महिने. भारताचं लायसन्स बदलून मिळत नाही, टेस्ट द्यावीच लागते. ऑगस्टला आलात म्हणजे पुढच्या ऑगस्टपर्यंत. पण थांबू नका, आजच प्रोव्हिजनलसाठी (शिकाऊ लायसन्ससाठी) अर्ज करा, ऑनलाइन ३४ पौंड. मग थिअरी २३ पौंड, ५० पैकी ४३ बरोबर लागतात, शिवाय व्हिडिओत धोका ओळखायचा. प्रॅक्टिकल आठवड्याच्या दिवशी ६२ पौंड, पण तारीख मिळायला महिनोन्‌महिने लागतात, खरी अडचण तीच आहे. दोन-चार तास इथल्या शिक्षकाकडे घालवा. राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देणं आणि आरशात बघितल्याचं परीक्षकाला दिसेल असं बघणं, यात आपली अनुभवी माणसं नापास होतात.

पास झालात की कंपनीला लगेच कळवा. यूकेचं लायसन्स आलं की बहुतेक वेळा हप्ता उतरतो, आणि पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की आणखी. पण पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं, तेव्हा वेगमर्यादा सांभाळा.

*छोटू:* अजून एक. गाडी घेतली की त्याच दिवशी घरी आणता येईल ना?

*ताई:* विमा सुरू असेल तरच. आणि रोड टॅक्स जुन्या मालकाचा तुझ्याकडे येत नाही, २०१४पासून ते बंद झालंय. त्याच्या दारातच फोनवर टॅक्स भरायचा, मग किल्ली फिरवायची.

*अण्णा:* छोटू, तुझी इथली स्विफ्ट मी या महिन्यात विकतोय.

*ताई:* काका, थांबा! विकल्यावर कंपनीकडून एनसीबी (नो क्लेम बोनस) राखून ठेवल्याचं पत्र नक्की घ्या. ते ३ वर्षं चालतं. छोटू त्या मुदतीत परत आला आणि नवी गाडी घेतली तर ५० टक्के सूट तशीच मिळेल. आणि इथल्या कंपनीला दाखवायलाही तोच कागद कामाला येईल.

*अण्णा:* हे माहीतच नव्हतं. उद्या एजंटकडे जातो.

*छोटू:* ताई, सगळं बदलून पुन्हा भरलं. कम्यूटिंग, ६,५०० मैल, एक्सेस ३५०, सुरुवात २४ दिवसांनी, दोघांची नावं. १,६४० आलं.

*ताई:* अजून दोन तुलना साइटवर बघ, आणि ज्या कंपन्या तिथे येत नाहीत त्यांच्या स्वतःच्या साइटवरही. मग ठरव. गाडीवाल्याला आधी एमओटीचा (गाडीच्या वार्षिक तपासणीचा) इतिहास मागायला विसरू नकोस.