गळ, बंदूक आणि मोटारसायकल : खान्देशात छंदाला मोकळीक किती असावी?

गिरणाकाठ

खान्देशात गळाने मासे पकडणे, शिकार आणि मोटारसायकलवरची भटकंती हे तीन छंद नेहमी एका दमात उच्चारले जातात. बहुतेक वेळा या तिन्ही आवडी एकाच माणसात नांदतात. जो पहाटे गाडीला गळाची काठी बांधून गिरणा नदीकडे किंवा हतनूर धरणाकडे निघतो, त्याच्याच घरात आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी अभिमानाने सांगितल्या जातात, आणि मग 'पूर्वी चालत होते, आता का नाही?' असा प्रश्न विचारला जातो. माझे मत असे आहे की या तिघांना एकच न्याय लावता येत नाही. गळाच्या मासेमारीला नियम घालून, पावती फाडून, उघड परवानगी असावी. मोटारसायकल डांबरी रस्त्यावर कुठेही जावी, परंतु नदीपात्रात आणि जंगलवाटांवर जाऊ नये. हौसेची शिकार मात्र कोणत्याही कारणाने पुन्हा सुरू होऊ नये.

शिकारीबद्दल इतके ठाम बोलण्याचे कारण आपल्याच प्रदेशाच्या इतिहासात आहे. १८२५ मध्ये खान्देशात भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स औट्रॅम वाघांच्या शिकारीसाठी नावाजलेला होता, आणि चाळीसगावहून कन्नडला जाणाऱ्या घाटाला अजूनही त्याचे नाव आहे. ज्या खान्देशात वाघ एवढे होते, तेथे आज वाघाचा माग मुख्यतः मुक्ताईनगरच्या डोलारखेडा-वढोदा भागात आणि यावलच्या सातपुड्यात घ्यावा लागतो. याचा सगळा दोष बंदुकीचा नाही, कारण जंगलही तुटले. तरी परवान्याच्या शिकारीने काही वाचले असे म्हणायला मला आधार दिसत नाही. १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्यप्राणी कायद्यात शिकारीचे परवाने होते, १९७२ च्या केंद्रीय कायद्याने ते आवळले आणि १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे दार जवळजवळ पूर्ण बंद केले. हा क्रम कोणाच्या लहरीने आलेला नाही. प्राणी संपत गेले, तसतसा कायदा कडक होत गेला.

गळाचे तसे नाही. गळ एका वेळी एकच मासा घेतो, आणि तो मासा ठेवायचा की सोडायचा हे माणसाला ठरवता येते. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारण्यास १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे, तरी आडबाजूच्या डोहांत हे प्रकार होतात, आणि ते प्रथम कोणाला दिसतात तर काठावर तासन्‌तास बसणाऱ्या गळवाल्याला.

भोईवाडा

गिरणाकाठ भाऊ, आपला हेतू चांगला आहे, परंतु आपण पाण्याकडे मोकळ्या निसर्गासारखे पाहता आणि तिथेच आमचा विरोध सुरू होतो. धरणातील मासेमारीचा हक्क आमची मच्छीमार सहकारी संस्था ठेक्याने घेते. कटला, रोहू आणि मृगळ या माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिले, विकत आणून पाण्यात सोडावी लागते, आणि ती विकण्याजोगी होईपर्यंत राखण करावी लागते. हौशी माणसाला मोठाच मासा हवा असतो. तो आठ किलोचा कटला ओढतो, तेव्हा तो आमच्या भांडवलाला हात घालत असतो, मग त्याने पाच मिनिटांनी तो परत सोडला तरी.

सोडलेला मासा जगतो, हे गृहीत धरण्याइतके आपले हवामान सौम्य नाही. भुसावळ-जळगावकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि पाणी आटून कोमट होते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. अशा पाण्यात वीस मिनिटे झुंजवलेला मासा फोटोसाठी तापलेल्या दगडावर ठेवला आणि मग पाण्यात ढकलला, तर तो समोरून पोहत जातो आणि पुढे कुठेतरी पालथा पडतो. ज्याने सोडला तो समाधानाने घरी जातो. मेलेला मासा सकाळी आमच्या जाळ्याजवळ तरंगत असतो.

मरळीची गोष्ट याहून वाईट आहे. पावसाळ्यात मरळीची नर-मादी आपल्या पिलांच्या थव्याखाली राखण करीत फिरतात. तो लालसर थवा पाण्यावर दिसला की हौशी मंडळी त्यावर रबरी बेडूक फेकतात, आणि मरळ भुकेने नव्हे, तर पिलांच्या रक्षणासाठी त्यावर तुटून पडते. ती ओढून काढली की उघड्यावर पडलेली पिले इतर मासे थोड्याच वेळात फस्त करतात. याला छंद म्हणावे हे मला पटत नाही.

गिरणाकाठ

मरळीबद्दल आपण जे लिहिले त्याच्याशी मी अक्षरशः सहमत आहे, आणि पिलांवरची मरळ पकडणाऱ्याला काठावरून उठवण्याचा अधिकार संस्थेला असावा, असेच माझे म्हणणे आहे. तो अधिकार कधी मिळेल? गळवाला नोंदलेला असेल, त्याच्या खिशात संस्थेची पावती असेल, तेव्हाच. आज तो चोरून बसतो, म्हणून कोणाचेच ऐकत नाही. कडक उन्हाच्या महिन्यांत आणि विणीच्या काळात गळ पूर्ण बंद ठेवावा, उलटा काटा नसलेला गळच वापरावा, मासा ओल्या हातांनी धरावा आणि पाण्याबाहेर काढू नये, आणि पावतीचे पैसे थेट संस्थेकडे जावेत. तिलापिया मात्र खुशाल घरी न्यावा. तो परका मासा आहे, भराभर वाढतो आणि आपल्या माशांची जागा खातो.

कर्नाटकात कावेरीवर भीमेश्वरी आणि गलिबोरे येथे महसीर मासा पकडून सोडण्याचे तळ होते. तेथे पूर्वी चोरून मासेमारी करणाऱ्यांपैकी काही जण राखणदार आणि वाटाडे झाले होते. धडगाव-अक्कलकुव्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा जाते, आणि तिचा महसीर वाहत्या, स्वच्छ पाण्याचा मासा आहे. सरदार सरोवराचे पाणी चढल्यापासून त्याची जागा आक्रसली आहे. त्याची राखण करायला पगार घेणारी माणसे काठच्याच गावांतून मिळाली, तर त्यात वाईट काय?

पाणपक्षी

कावेरीचे उदाहरण अर्धे सांगितले गेले आहे, म्हणून लिहिते. ते तळ अभयारण्याच्या हद्दीत होते, आणि अभयारण्यात हौसेची मासेमारी चालणार नाही या कारणानेच तेथील गळ थांबला. आपल्याकडे अनेर धरणाचा परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे, त्यामुळे तेथे पावतीचा विषयच उद्भवत नाही.

हतनूरला तापी आणि पूर्णेचे पाणी एकत्र साठते, आणि हिवाळ्यात स्थलांतरित बदके उथळ पाण्यात उतरतात. गळवाल्याला हवा असलेला ऋतू नेमका हाच, कारण उन्हाळा आणि पावसाळा आपण आधीच वगळला आहे. तुटलेला नायलॉनचा धागा काठावरच्या बाभळींत आणि पाणवनस्पतींत राहतो, कुजत नाही, आणि पक्ष्यांच्या पायांना आवळतो. माझा विरोध गळाला सरसकट नाही, परंतु हतनूरच्या पाणपसाऱ्यात नोव्हेंबर ते मार्च कोणालाही बसू देऊ नये.

मोटारसायकलवाल्यांना माझी विनंती याहून कडक आहे. मार्च ते मे या काळात नदीसुरय आणि टिटवी हे पक्षी उघड्या वाळूत व खडकाळ पात्रात अंडी घालतात. अंड्यांचा रंग वाळूसारखाच असतो, म्हणून चालणाऱ्यालाही ती दिसत नाहीत. चाळीसच्या वेगाने जाणाऱ्याला दिसण्याचा प्रश्नच नाही. कोरड्या पात्रात गाडी घालून काढलेल्या चित्रफितींचे कौतुक होते, तेव्हा चाकाखाली काय गेले हे कोणी विचारत नाही.

केळीवाला, रावेर

येथे सगळी चर्चा मासे आणि पक्ष्यांची झाली. ज्याचे पीक रात्रीतून उलथले जाते त्याचा उल्लेख कोणी केला नाही. रानडुकरांचा कळप बागेत शिरला की केळीचे कंद उकरतो आणि वाढलेली झाडे आडवी होतात. रोही, म्हणजे नीलगाय, मका आणि हरभरा खाते, आणि खाते त्याहून जास्त तुडवते. रात्रभर राखण करायला मजूर मिळत नाही. नुकसानभरपाई मिळते, पण पंचनामा, कागद आणि वाट पाहणे यांत हंगाम निघून जातो. अशा वेळी नेमबाजीचा सराव असलेले, परवान्याची बंदूक असलेले हौशी लोक मदतीला आले, तर त्यात शेतकऱ्याचे आणि त्यांचेही भले आहे. २०१६ मध्ये बिहारच्या मोकाम्यात सरकारनेच बाहेरून नेमबाज बोलावले होते आणि दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या गेल्या. तेथे चालते, मग आमच्याकडे हौशी माणसाला का नको?

गिरणाकाठ

दादा, आपल्या नुकसानीबद्दल माझ्या मनात शंका नाही. मोकाम्याचे उदाहरण मात्र आपल्या मागणीला धरून नाही, कारण तेथे नीलगायीला काही मुदतीसाठी उपद्रवी प्राणी म्हणून अधिसूचित केले होते आणि मारणारे सरकारने नेमलेले होते. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोका असलेल्या प्राण्याबाबत अधिकृत वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. परंतु त्याच कायद्याचे कलम ३९ सांगते की असा मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता असतो. मांस, कातडे, सुळे, काहीही मारणाऱ्याचे नाही. हौशी शिकाऱ्याला जे हवे असते ते सगळे येथे वर्ज्य आहे, आणि उरते ते केवळ एक अवघड, जबाबदारीचे काम. ते काम प्रशिक्षित माणसाने, पगारावर, वनखात्याच्या देखरेखीखाली करावे. हौशी माणूस सवडीने येईल, तर डुक्कर रोज रात्री येते. शिवाय मोठा नर टिपण्याकडे त्याचा कल असेल, आणि कळपाची वाढ तर माद्यांवर अवलंबून असते.

केळीवाला, रावेर

कलम मलाही माहीत आहे. अर्ज दिल्यावर संबंधित कार्यालयातून उत्तर येईपर्यंत घड काढणीला आला होता. ज्या दिवशी परवानगी आठवड्याभरात मिळेल आणि पगारी माणूस बांधावर उभा दिसेल, त्या दिवशी मी हौशी शिकाऱ्यांचे नाव काढणार नाही. तोपर्यंत लोक काय करतात हे सर्वांना ठाऊक आहे. सौर कुंपणाचे झटका मशीन ज्याला परवडते तो लावतो, आणि ज्याला परवडत नाही त्यातला एखादा घरच्या विजेची उघडी तार टाकतो. त्या तारेला डुक्कर लागते, शेजाऱ्याचा बैल लागतो, माणूसही लागतो. डोलारखेड्याकडे वाघ केळीच्या बागांतून फिरतो, तेव्हा त्यालाही ती तार ओळखता येणार नाही. बंदुकीला नाही म्हणणाऱ्यांनी या तारेचाही हिशेब द्यावा.

धडगावकर

मी धडगाव परिसरात शिक्षक आहे. मोटारसायकल हा आमच्याकडे छंद नाही. चांदसैली घाटात दरड आली की तळोद्याकडे जाणारी वाट बंद होते, आणि पाड्यावरचा आजारी माणूस मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून खाली आणावा लागतो. त्याच वळणांवर पावसाळी सुट्टीत मोठ्या आवाजाचे सायलेन्सर लावलेल्या गाड्यांचा ताफा भरधाव येतो, रस्त्याच्या मधोमध थांबून फोटो काढतो, आणि आम्हाला वाट मिळत नाही. मूळ सायलेन्सर काढून भलताच बसवणे कायद्याने गुन्हा आहे, परंतु घाटात तपासणार कोण?

तरीही डांबरी रस्त्यावर त्यांना बंदी नसावी, या मताशी मी सहमत आहे. तोरणमाळला येणारा माणूस यशवंत तलावाकाठी कोणाकडे तरी जेवतो, कोणाकडे तरी राहतो, आणि ते पैसे गावात राहतात. येथील पावरा आणि भिल्ल मुलांना मोटारसायकल दुरुस्ती शिकवली, तर या ताफ्यांचा आणखी उपयोग होईल. आक्षेप आहे तो नर्मदाकाठच्या महसीरबद्दल वर जे सुचवले गेले त्याला. ज्यांची गावे सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली, त्यांना त्याच पाण्यावर पाहुण्यांच्या गळाचे राखणदार करणे हा न्याय नव्हे. मासेमारीचा पहिला हक्क विस्थापितांच्या संस्थांचा असावा. पावती द्यायची की नाही, आणि दिलीच तर कोणत्या डोहात, हे त्यांनी ठरवावे.

गिरणाकाठ

हे मला मान्य आहे, आणि गिरणा-तापीवरही हाच क्रम असावा. पावती देण्याचा अधिकार संस्थेचा, तसाच नाकारण्याचाही. हतनूरच्या पाणपसाऱ्यात हिवाळ्यात गळ नको, हेही मी मान्य करतो. उघड्या तारेचा प्रश्न मात्र मी टाळणार नाही. केळीवाल्या दादांनी कुंपणाच्या अनुदानासाठी आणि कलम ११ च्या अर्जाला ठरावीक मुदत असावी यासाठी निवेदन दिले, तर त्यावर माझी सही असेल. हौशी बंदुकीवर नसेल.

भोईवाडा

नाकारण्याचा अधिकार लेखी येणार असेल, तर संस्थेच्या सभेत विषय मांडता येईल. पावतीची रक्कम मात्र ठेक्याच्या हप्त्याशी जुळणारी हवी, आणि पिलांवरच्या मरळीला गळ लावणाऱ्याची पावती कायमची रद्द व्हावी. एवढे ठरल्याशिवाय आमचे सभासद काठावर कोणाला बसू देणार नाहीत.