तीन हजारांत नाताळ: तुमच्या घरी काय काय केलंत?

गेल्या वर्षी २७ डिसेंबरला वहीत हिशेब मांडला आणि वही मिटून ठेवली. नऊ हजार चारशे. मॉलमधला केक, नवं प्लास्टिकचं झाड, पाहुण्यांसाठी बाहेरून मागवलेली बिर्याणी, प्रत्येकाला एकेक 'गिफ्ट'. जेवताना सहज विचारलं, यातलं तुम्हाला काय आठवतं? धाकटा म्हणाला, "लाइट गेले होते ते." चोवीसला संध्याकाळी पाऊण तास वीज गेली होती. आम्ही सगळे स्वयंपाकघरात मेणबत्ती लावून फुगिया, म्हणजे फुगवलेल्या पिठाचे गोळे, तळत बसलो होतो आणि सासूबाई त्यांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होत्या. त्या पाऊण तासाचा खर्च, एक मेणबत्ती.

यंदा यांचा ओव्हरटाइम बंद झालाय आणि लेकीचं दहावीचं वर्ष आहे. मर्यादा ठरवली आहे तीन हजार. आम्ही ठाणे पश्चिमेला राहतो, ईस्ट इंडियन, घरात पाच माणसं.

तर अनुभव लिहा. अट एवढीच की स्वतः केलेलं असावं, रक्कम लिहावी आणि फसलेलं असेल तर ते आधी लिहावं. ख्रिस्ती नसलात तरी चालेल. आमच्या मजल्यावर नाताळचे सगळ्यात जास्त कुलकुल, म्हणजे शिंपल्याच्या आकाराचे तळलेले गोड तुकडे, जोशी-पाटलांच्या घरातच संपतात.

उथळसर, ठाणे. वय ७१

आमच्या नाताळचा खर्च मे महिन्यातच होतो. उन्हात मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस आणि बाकी वीसेक जिन्नस वाळवायचे, एकेक वेगळं भाजायचं, कुटायचं आणि काळ्या बाटल्यांत ठासून भरायचं. पूर्वी मसाला कुटणाऱ्या बायका घरोघर यायच्या, त्यांच्या मुसळांचा ठेका गल्लीभर ऐकू यायचा. आता गिरणी. पण बाटली तीच, बिअरची, म्हणून तर बॉटल मसाला. तो घरात असला की नाताळात मटण-चिकन आणलं की झालं, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

दुसरं म्हणजे कुलकुल एकट्याने करायचे नाहीत. आम्ही चार घरं २२ तारखेला रात्री एकत्र बसतो. प्रत्येकाने आपलं पीठ मळून आणायचं: मैदा, थोडा रवा, नारळाचं दूध, तुपाचं मोहन. तळायचं तेल आणि गॅस एका घरचा, पुढच्या वर्षी दुसऱ्याचा. लहानशी गोळी कंगव्यावर दाबून गुंडाळायची की शिंपल्यासारख्या रेघा उमटतात. कंगवा नवा हवा. हे लिहायची गरज आहे का? आहे. आमच्या एका भावाने १९७८ साली कपाटातला कंगवा आणून दिला होता, त्याला अजून माफी मिळालेली नाही.

फुगियांना पूर्वी ताडी घालत, तीच पीठ फुगवायची. आता यीस्ट. चव थोडी कमी, पण पोरांना फरक कळत नाही.

घोडबंदर रोड

काका, एक अडाणी प्रश्न. ईस्ट इंडियन म्हणजे बंगालकडचे ना? मी इतकी वर्षं तेच समजत होते.

उथळसर, वय ७१

नाही हो, आम्ही इथलेच. ठाणे, साष्टी, वसई, मुंबईची गावं. बोलीही मराठीच. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, गोव्या-मंगळूरहून नोकरीला येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, हे साहेबाला कळावं म्हणून हे नाव घेतलं. साहेब गेला, नाव राहिलं. आता तुम्ही तुमचा अनुभव लिहा.

घोडबंदर रोड

लिहिते. आमच्याकडे नाताळ नव्हताच, मुलगा सीनियर केजीत गेला आणि नाताळ घरी आला. शाळेत सगळ्यांकडे सांता येतो, आपल्याकडे का नाही? पहिल्या वर्षी हौसेने सांताचा पोशाख भाड्याने आणला, दिवसाचे सहाशे. नवऱ्याने घातला. मुलगा दार उघडून इतका किंचाळला की खालचे सिक्युरिटीवाले काका वर आले. दाढी काढेपर्यंत रडत होता, आणि दाढी काढल्यावर आणखीच. सहाशे रुपये पाण्यात.

आता आमच्या विंगमध्ये नऊ मुलं मिळून पुस्तकांची अदलाबदल करतात. घरातलं वाचून झालेलं एक पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळायचं, वर नाव न लिहिता फक्त एक चित्र काढायचं, २४ला संध्याकाळी जिन्यात ढीग करायचा आणि चिठ्ठ्या उचलायच्या. खर्च शून्य. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाला त्याचंच पुस्तक परत आलं. त्याला पत्ताच लागला नाही, "मस्त आहे ग हे" म्हणून परत वाचलं.

नेरूळ, नवी मुंबई

आम्ही मूळ नगर जिल्ह्यातले, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. नाताळ म्हटलं की केक डोळ्यांसमोर येतो लोकांच्या, आमच्याकडे फराळ असतो. करंज्या, चकल्या, रव्याचे लाडू, शंकरपाळे. दिवाळीत शेजारच्या काकू द्यायच्या, नाताळात आई त्यांना तेच पदार्थ परत द्यायची. दोन्हीकडचा फराळ सारखा, सण फक्त दीड-दोन महिन्यांनी पुढे. त्यामुळे नेरूळला आल्यावर पहिल्यांदा बेकरीतल्या प्लम केकची किंमत विचारली तेव्हा माझा नवरा म्हणाला, यात आईचे पन्नास लाडू होतात.

कंदील तर आमचा दिवाळीचाच. भाऊबीज झाली की शेजारचे जोशी त्यांचा चांदणीचा आकाशकंदील उतरवून माझ्या हातात देतात, आम्ही तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टांगतो आणि पुसून परत देतो. बेथलेहेमचा तारा म्हणून तो चांगलाच शोभतो. आमच्या भागात पोस्टमनसुद्धा विचारतो, "यंदा जोशींचा कंदील आला का?"

२३ला रात्री चर्चची मंडळी घरोघर गाणी म्हणत येते. ढोलकी, झांजा, हार्मोनियम. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाची चाल दिली, ती आमच्याकडे अजून चालते. गाणाऱ्या पंचवीस जणांना चहा आणि चिवडा द्यायचा असतो. एवढाच आमचा 'पार्टी'चा खर्च. गेल्या वर्षी तीनशे दहा.

कळवा

फसलेलं आधी लिहा म्हणालात म्हणून: कुकरमधला केक. ओव्हन नाही, तळाला मीठ घातलं, वर जाळी, वर डबा, शिटी काढली. सगळं बरोबर. झाकणाची रबरी रिंग मात्र काढली नाही. अर्ध्या तासाने घरभर रबराचा वास आणि केकलाही तोच. नवीन रिंग, मैदा, अंडी, सुका मेवा मिळून सहाशेच्या वर गेले आणि शेवटी केक कोपऱ्यावरच्या बेकरीतून आणला. स्वस्तातला नाताळ मला असा महाग पडला.

माजिवडा

कळवेकर, बेकरीच्या भट्टीत भाजून घ्या. दिवाळीत नानकटाई नेतात ना लोक डबे भरभरून, तसंच. आमच्या जवळची बेकरी घरून कालवून नेलेलं मिश्रण किलोमागे साठ रुपयांत भाजून देते. डब्याला आतून कागद लावा आणि बाहेर नाव लिहा. नाव लिहिलं नाही तर दुसऱ्याचा केक घरी येतो. आमच्याकडे एकदा आला होता आणि आमच्यापेक्षा चांगला होता.

सुका मेवा रममध्येच भिजवावा असं नाही. संत्र्याच्या रसात रात्रभर ठेवा. काळा रंग साखर जाळून येतो. साखर कढईत गडद तांबडी होऊ द्या, धूर निघायच्या आत गरम पाणी घाला, आणि पाणी घालताना तोंड मागे घ्या. पाक फसफसतोच.

कोपरखैरणे, सेक्टरच्या खोलीतून

येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा मी करतो. दर वर्षी. बाजारात तयार गोठा बघितला तर हजाराच्या पुढे. माझी सामग्री: फळवाल्याकडची सफरचंदाची लाकडी पेटी, गोणपाट, नारळाची शेंडी आणि खालच्या मजल्यावरच्या गणपतीच्या मखराचे उरलेले पुठ्ठे. २०१८ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून त्यांचं मखर पुठ्ठ्याचं असतं, आणि डोंगर करायला पुठ्ठ्यासारखं काही नाही. गणपतीचा कैलास पुढे बेथलेहेमचा डोंगर होतो. दोन्ही घरांत कोणाची तक्रार नाही.

गवतासाठी १२ तारखेच्या सुमारास ताटात माती घालून नाचणी पेरायची. नाताळापर्यंत बोटभर हिरवीगार. पहिल्या वर्षी खिडकीत ठेवली तर कबुतरांनी दोन दिवसांत फन्ना उडवला. नवी मुंबईत राहायचं तर वर जुनी ओढणी बांधा.

आता खरी गोष्ट. गोठ्यात बाळ येशू २४च्या मध्यरात्रीच ठेवतात, तोवर गव्हाण रिकामी. त्यामुळे बाळाची मूर्ती हरवलीय हे आम्हाला कधी कळलं? साडेअकराला. मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेहून, आलो, सगळे गोठ्यापुढे उभे, मी डबा उघडला तर मेंढ्या, मरिया, योसेफ, तीन राजे, उंट, आणि बाळ नाही. रात्री दुकान कुठलं उघडं? आई काही न बोलता आत गेली. कुलकुलांचं पीठ थोडं उरलं होतं. तिने हातावर बाळ वळलं, काडीने डोळे काढले, मिटलेले, आणि रुमालाच्या तुकड्यात गुंडाळून दिलं. मुलांनी गाणं म्हटलं. सकाळी मुंग्या लागल्या होत्या, म्हणून आईने घासलेटाची रेघ ओढली. ती शेवटपर्यंत म्हणत होती की हा पीठाचा बाळ मूर्तीपेक्षा जास्त झोपलेला दिसतो. मूर्ती मार्चमध्ये सापडली, माझ्याच शिवणाच्या डब्यात.

ऐरोली

मी नर्स आहे. नाताळच्या दिवशी सुट्टी मिळाली तर नवल, कारण ज्यांची मुलं लहान त्यांना आधी. मुलं मोठी झाली तेव्हा मी सीनियर झाले आणि वॉर्ड सोडवेना. आम्ही आमचा नाताळ २७ला करतो. मुलं लहान होती तेव्हा आधी नाराज व्हायची, मग त्यांना गणित कळलं: २६ला सकाळी केक, चांदण्या, झाडं सगळं निम्म्यावर येतं. आणि चर्चच्या दृष्टीने तर नाताळचा काळ पंचवीसला संपत नाही, तीन राजांचा सण ६ जानेवारीला असतो. मग घाई कशाची? २५च्या दिवशी मी वॉर्डात सगळ्यांना एकेक चॉकलेट वाटते, पन्नास रुपयांचं पाकीट. घरी २७ला बिरयानीचं पातेलं.

सीवूड्स

दुपारचं लिहितो, कारण सकाळी चर्च आणि जेवण झालं की दुपारी मोबाइल हातात घेऊन सगळे पसरतात. आम्ही चार वाजता डब्यात उरलेले लाडू आणि थर्मासमध्ये चहा घेऊन खाडीकडे चालत जातो. डिसेंबरात फ्लेमिंगो थोडेच असतात, खरी गर्दी फेब्रुवारीनंतर. पण दूरवर गुलाबी रेघ दिसली की सासरे दर वर्षी तेच सांगतात, मी आलो तेव्हा इथे नुसती मिठागरं आणि चिखल होता, कोणी ढुंकून बघत नव्हतं. २०२२ला ठाणे खाडीचं अभयारण्य रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेलं तेव्हा त्यांनी पेपरातलं कात्रण पाकिटात घातलं, ते अजून आहे. भाचे दुर्बिणीसाठी भांडतात. दुर्बीण एक, भाचे चार. एवढा खर्च पुरे.

घोडबंदर रोड

सगळ्यांना एक विचारू? आईवडिलांना, सासूला भेट काय देता? मला यातच सगळ्यात जास्त ताण येतो.

उथळसर, वय ७१

सासू म्हणून सांगू शकत नाही, सासरा म्हणून सांगतो. मला साड्या, शर्ट, मग, काही नको. नातवाने दोन डाव कॅरम खेळायचा, हरल्यावर रडायचं नाही. त्यातही गेल्या वर्षी फक्त एकच डाव झाला.

नेरूळ, नवी मुंबई

काका, मला पटत नाही. सगळ्या म्हाताऱ्यांना कॅरम नको असतो. माझ्या सासूबाईंना दर वर्षी एक नवी साडी हवीच असते, आणि मी ती देते, दिवाळीनंतर दुकानं उरलेला माल काढतात तेव्हा घेऊन. मोह टाळा म्हणणारे वेगळे, मला त्यांचा चेहरा फुललेला बघायचा असतो. बाकीचं कमी करते.

धागा काढणारी, २६ डिसेंबर

हिशेब देते, वहीत आहे तसा. कुलकुल आणि फुगियांचं सामान, तेलासकट ७४०. केकचं सामान आणि भट्टी ४६०, डब्यावर नाव लिहिलं होतं. दोन किलो चिकन ५००. भाजी, तांदूळ २१०. रंगीत कागद आणि दोरा १२०, कंदील दिवाळीचाच. मुलांच्या भेटी ३००. मेणबत्त्या ९०. मिस्सा झाल्यावर ठाण्यातल्या तलावपाळीला पाचही जणांनी मसाला दूध आणि भेळ, २६०. परतीची रिक्षा १४०. एकूण २,८२०.

हे म्हणतात, ही लबाडी आहे, मे महिन्यातल्या मसाल्याचे एकोणीसशे कुठे धरलेस? उथळसरच्या काकांनी याचं उत्तर द्यावं.

फसलेलं: कुलकुलांची पहिली खेप साखरेच्या पाकात घातली आणि दगड झाली. पाक कच्चा ठेवायला हवा होता की पक्का, यावर सासूबाई आणि त्यांची बहीण फोनवर अर्धा तास भांडल्या. लेक दहावीचा अभ्यास सोडून कंगवा घेऊन बसली आणि मी काही बोलले नाही. वीज मात्र यंदा गेली नाही. धाकट्याने साडेसातला स्वतः उठून दिवे बंद केले, म्हणाला, आता मेणबत्ती लाव.

जोशी, पाटील, वरच्या काकू आणि समोरचे अशा चार घरी कुलकुलांची ताटं गेली. रिकामं ताट परत द्यायचं नसतं हे त्या चौघांनाही माहीत आहे, म्हणून एकही अजून परत आलेलं नाही. आता संक्रांतीला तिळगुळासकटच येतील.