हॅमलिनची सही भावनेपोटी? अजिबात नाही! (मार्च 2025, अमेरिकन फुटबॉल संघ बफेलो बिल्सच्या चाहत्यांचा धागा)

बफेलोकर:
काल थेटबोल्यांनी लिहिलं, "बिल्सनी सेफ्टी (बचावात सर्वात मागे उभा राहणारा खेळाडू) डमार हॅमलिनला आणखी एका वर्षाच्या करारावर ठेवलं, ही निव्वळ भावनिक सही. मग त्याच जागेसाठी कोल बिशपला 2024 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) दुसऱ्या फेरीत घेतला कशाला?" वाचून डोकंच फिरलं. अहो, 2022 आठवा. आपला सेफ्टी मायका हाइड मानेच्या दुखापतीने सप्टेंबरातच बाहेर गेला, तेव्हा सहाव्या फेरीतला हाच पोरगा उभा राहिला. 2024 मध्ये तर 14 सामन्यांत पहिल्यापासून होता. राखीव सेफ्टीने पंटमागे (चेंडू दूर लाथाडून समोरच्याला देतात, त्यामागे) धावायचं, किकऑफवर (खेळ सुरू करणाऱ्या किकवर) भिडायचं आणि कुणी जायबंदी झालं की कसलीही तयारी न मागता आत जायचं. मुख्य प्रशिक्षक मॅकडर्मॉटच्या बचावात सेफ्टी स्नॅपआधी (चेंडू खेळात येण्याआधी) एक दाखवतात आणि नंतर दुसरंच करतात. ते अंगवळणी पडायला वेळ लागतो.

थेटबोल्या:
जॅग्वार्सविरुद्धचा हॅमलिनचा तो इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मध्येच पकडणं) सगळे दाखवतात. सामना 47-10 ने जिंकलेला हो! जानेवारीत कॅन्सस सिटीत 32 गुण दिले, तो बचाव कुणाचा? हॅमलिन हाताशी असला की बिशपच्या पहिल्या चुकीला त्याला बाकावर बसवणार. मग पोरगा तयार कधी होणार?

जर्सीचे नाना:
दोघंही भलतंच धरून बसलाय. कॅन्सस सिटीच्या क्वार्टरबॅकला, पास फेकणाऱ्या माहोम्सला, निवांत उभं राहू दिलंत तर मागे कुणीही ठेवा, काय फरक पडतो? मी वर्षानुवर्षं सांगतोय, पुढच्या फळीवर खर्च करा.

सिनसिनाटीची मावशी:
2 जानेवारी 2023 ला मी स्टेडियमात होते. पहिलाच क्वार्टर. सिनसिनाटीच्या टी हिगिन्सला पाडून हॅमलिन उठला, उभा राहिला आणि हृदय बंद पडून मागच्या मागे कोसळला. बिल्सची पोरं त्याच्याभोवती कडं करून रडत होती. त्याच वर्षी तो परत मैदानात उतरला. अशा माणसाला एक वर्ष दिलं तर तुमच्या पोटात का दुखतं?

थेटबोल्या:
मावशी, त्याच्या जिवाबद्दल कोण वाकडं बोललंय? मी खेळाबद्दल बोलतोय. तो प्रसंग काढला की समोरच्याने गप्पच बसायचं का?

कोथरूडचा:
सहायक ट्रेनर डेनी केलिंग्टनने जागच्या जागी सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) दिला म्हणून तो वाचला. आमच्या मैदानावर क्रिकेट खेळताना एक जण असाच पडला. भोवती घोळका. एक पाणी पाजतोय, एक कांदा हुंगवतोय, तिसरा तळपाय चोळतोय. छाती दाबायचं कुणालाच सुचलं नाही. गेला बिचारा. स्पर्धेच्या फ्लेक्सला पैसे असतात, बंद पडलेल्या हृदयाला झटका देणाऱ्या यंत्राला नसतात!

बफेलोकर:
दादा, वाईट झालं. पण धागा सेफ्टीचा आहे.

कोथरूडचा:
मग वेगळा धागा कधी काढायचा, अजून एक गेल्यावर?

डॉक्टरीणबाई:
बोलू द्या त्यांना. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नका, श्वासनलिकेत जातं. श्वास नसेल किंवा नुसते आचके येत असतील तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, निदान 5 सेंटिमीटर खोल दाबा. दुसऱ्याला यंत्र आणायला पिटाळा. उशिराच्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता घटते.

जर्सीचे नाना:
आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये यंत्र आहे, पण कपाटाला कुलूप. किल्ली कुणाकडे, विचारू नका.

थेटबोल्या:
नाना, ते कुलूप आधी काढायला लावा. आणि बफेलोकर, पंट-किकऑफचा मुद्दा घेतला. एकाच वर्षाची सही आहे, म्हणून चालवून घेतो. पण पहिल्या सामन्यात बिशपच हवा, आणि चुकला तरी चार सामने त्याला हलवायचं नाही.

बफेलोकर:
चार नाही, दोन.